ओळीत नसलेली गाडी

आमच्या ट्रकमालक संघटनेचे काम कसे गेले, याची हकिकत आता शिरूरपासून दौंडपर्यंत जो तो सांगतो, आणि जो सांगतो तो चुकीची सांगतो. रांजणगावच्या चहाच्या टपरीवर बसा. तुम्हाला ऐकायला मिळेल की राज्य सरकारने बिनधुराच्या गाड्यांचे धोरण आणले आणि लहान ट्रकवाला संपवला. संघटनेच्या सध्याच्या अध्यक्षांना विचारा. ते म्हणतील, इलेक्ट्रिक ट्रक हे शहरातले खेळणे, ते पाटसच्या पुढे बंद पडले आणि आम्हा सर्वांना घेऊन बुडाले. माझ्या स्वतःच्या गावी, वडगाव रासाईला, मी पारावरून उठलो की तिसरीच हकिकत सुरू होते. तिच्यातला खलनायक मी आहे. म्हाताऱ्याची जुनी गाडी भंगारात गेली, त्या जळफळाटाने त्याने मित्राच्या नव्या गाडीचा घात केला, असे ती सांगते.

यांपैकी एकही माणूस त्या सकाळी कारखान्याच्या गेटवर नव्हता. मी होतो. फळा माझ्यासमोर होता आणि खडू माझ्या हातात होता. तेव्हा इतरांनी जरा थांबावे आणि मला बोलू द्यावे.

ज्यांना ट्रकचा धंदा ठाऊक नाही त्यांना आधी नंबर म्हणजे काय ते सांगतो. कारखान्याचा माल कोणत्या गाडीत भरायचा हे ठरवण्याची आमची पद्धत म्हणजे नंबर. गाड्या गेटबाहेर ओळीने उभ्या राहतात. जी आधी आली ती आधी भरते. माल उतरवून परत आली की ओळीच्या शेवटी लागते. ऐकायला सोपे आहे. पण मी धंद्यात आलो तेव्हा ज्याच्या चार गाड्या तो घरी बसून निरोप पाठवी, ‘माझा नंबर धरून ठेवा’, आणि ज्याची एकच गाडी तो दोन-दोन दिवस उन्हात उभा राही. मी त्याविरुद्ध भांडलो. त्या भांडणात माझा पुढचा एक दात गेला. त्यातून जो नियम झाला तो माझ्या शब्दांत लिहिला गेला : पुकारा होईल त्या क्षणी जी गाडी ओळीत उभी नसेल तिचा नंबर शेवटी जाईल, कारण विचारले जाणार नाही.

‘कारण विचारले जाणार नाही’ हे शब्द माझे. मला त्यांचा अभिमान होता, आणि आजही तो पुरता गेलेला नाही. या एका वाक्याने मराठ्याची, माळ्याची, बौद्धवाड्यातली, मुसलमानाची, आमदाराच्या भाच्याची गाडी एकाच ओळीत उभी केली. भाचा एकदा उशिरा आला, त्या दिवशी पुकारा माझ्याकडे होता; त्यालाही मी शेवटी घातला. आमदारांचा फोन आला. मी फोनवरच म्हणालो, ‘साहेब, गाडी ओळीत न्हाई, मग नंबर कशाचा?’ ही गोष्ट तालुक्यात सांगितली जाते, आणि ती मात्र खरी सांगितली जाते.

आता माझ्या मित्राविषयी. तो कवठे येमाईचा. त्याचे घराणे तिथे इतक्या पिढ्यांचे आहे की गावात पहिली विहीर कोणी खोदली यावर तो अजून भांडतो. सगळे त्याला भाई म्हणतात, मीही म्हणतो, जरी तो माझ्याहून सहा वर्षांनी लहान आहे. तो मला आबा म्हणतो. तरुणपणी आम्ही दोघे एकाच मालकाच्या गाडीवर होतो; एकाने चालवायचे, एकाने मागच्या फळीवर झोपायचे. पुढे दोघांनी एकेक गाडी घेतली. ईदला मी त्याच्याकडे असतो आणि आमच्या गावच्या जत्रेला तो माझ्याकडे. एवढ्या वर्षांत आमचे भांडण झाले नाही असे मी म्हणणार नाही. दर महिन्याला झाले.

माझ्या गाडीचेही खरे सांगून टाकतो. जुन्या गाड्यांच्या तपासणीचा नियम कडक झाला. माझी गाडी धुराच्या परीक्षेत नापास झाली. गावात सांगतात की मी सरकारला शिव्या दिल्या आणि भंगाराच्या अड्ड्यावर गाडीला मिठी मारून रडलो. शिव्या मी दिल्या नाहीत. धूर काय करतो ते मला त्या अधिकाऱ्यांपेक्षा अधिक ठाऊक आहे. माझ्याबरोबर गाडी चालवणारे दोन जण छातीने गेले, आणि माझ्या खोकल्याने बायको मला ओसरीवर झोपवते. रडलोही नाही. आदल्या दिवशी मी गाडी नदीवर नेऊन धुतली. बायको म्हणाली, ‘पोरगी सासरी चाललीय जनू.’ दुसऱ्या दिवशी मी ती स्वतः चालवत नेली. भाई शेजारी बसला होता. अड्ड्यावरचा माणूस म्हणाला, ‘बाबा, भंगारात घालायची गाडी कोण धुऊन आणतं व्हय?’ भाई त्याला म्हणाला, ‘आमचे आबा आणत्यात. तू तुझं काम कर.’

परतताना आम्ही एसटीने आलो. भाईने तेव्हा सांगितले की तोही आपली डिझेलची गाडी भंगारात काढणार आणि इलेक्ट्रिक ट्रक घेणार. भंगाराचा दाखला दाखवला की नव्या गाडीच्या करात सवलत मिळत होती. शिवाय ज्या कारखान्याचा माल आम्ही दौंडच्या रेल्वे मालधक्क्यावर नेत होतो, त्याने संघटनेला कळवले होते की राज्याच्या धोरणाप्रमाणे आपल्या वाहतुकीत बिनधुराच्या गाड्या हव्यात. एकदम नको, पण सुरुवात दिसली पाहिजे. भाई म्हणाला, ‘आबा, कुणीतरी पहिलं व्हायला पायजे. मी व्हतो. माझी चालली तर बाकीच्यांना धीर यील.’

मी म्हणालो, ‘घे.’

जे मला त्या गाडीचा वैरी ठरवतात त्यांनी हा शब्द ऐकावा. एसटी न्हावऱ्याच्या फाट्यावर उभी होती. मी ‘घे’ म्हणालो आणि वर असेही म्हणालो की संघटनेत निदान एक तरी अशी गाडी असल्याशिवाय आपले काम टिकणार नाही. मला हे कळत होते. पुढे जे घडले त्यातले सगळ्यात वाईट हेच आहे.

गाडी आली तेव्हा ड्रायव्हर लोकांनी तिला घेरले. आवाज नाही, धूर नाही, थरथर नाही. एकाने विचारले, ‘भाई, चालू केली का न्हाई अजून?’ भाई म्हणाला, ‘कवाच चालू हाय. तुझ्यावानी न्हाई ती, कामाला लागली का बोंबलत न्हाई.’ दुसरा म्हणाला, ‘किल्ली द्यायची खेळण्यातली हाय. किल्ली हरवली का बस टाळ्या वाजवत.’ भाईने त्यालाच केबिनमध्ये बसवून फेरी मारून आणली, आणि उतरायच्या आधी त्याने आणखी एक फेरी मागितली. माझी स्वतःची गाडी नसल्यामुळे संघटनेने मला फळ्यावर नंबर मांडायला बसवले होते. भाईची गाडी फळ्यावर पहिल्यांदा मी लिहिली, आणि अक्षर नेहमीपेक्षा जरा मोठे काढले.

महिनाभर माल थोडा होता, पुकारा उशिरा होई, तोवर ठीक चालले. माल वाढल्यावर अडचण आली ती चार्जिंगची. डिझेल भरायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात माणूस बिडी ओढतो. ही गाडी दौंडला जाऊन आली की तिला दोन-अडीच तास चार्जिंगला लावावे लागे. चार्जिंगची जागा औद्योगिक वसाहतीतच होती, गेटपासून हाकेच्या अंतरावर. पण ओळीत नव्हती. भाई परत येई, गाडी चार्जिंगला लावी, आणि त्याचा पुकारा होई तेव्हा गाडी ओळीत नसे. मी नियमाप्रमाणे त्याचा नंबर शेवटी टाकी. बाकीच्यांच्या आठवड्यात पाच फेऱ्या झाल्या की त्याच्या दोन होत.

संघटनेच्या बैठकीत तो उभा राहिला. आमच्या बैठका गेटसमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये होत.

‘आबा, माझा एक अर्ज हाय,’ तो म्हणाला. ‘चार्जिंगला लावलेली गाडी ओळीतच हाय असं धरा. पुकारा झाला आन् गाडी भरली नसंल तर मागच्याला पुढं जाऊ द्या, त्याच्या मागनं मी जातो. पर मला पार शेवटी टाकू नगा.’

मागणी साधी होती. कोणाचे काही जात नव्हते. अध्यक्षसुद्धा, जे आज गाडीला खेळणे म्हणतात, मान डोलावत होते. मी उभा राहिलो. मला बोलता येते, हा माझा जुना दोष आहे. मी म्हणालो, ‘आज चार्जिंग म्हणून नंबर धरायचा. उद्या पंक्चर म्हणून धरायचा. परवा कुणी म्हणंल, सासुरवाडीला गेलतो, माझा नंबर धरा. मग त्या आमदाराच्या भाच्यानं काय घोडं मारलं व्हतं? नियम करताना आपण कारण विचारायचं न्हाई असं ठरवलं. का? तर कारण सगळ्यांकडं असतं.’

लोक हसले, मग टाळ्या पडल्या. शेडमध्ये पत्र्यामुळे टाळ्या मोठ्या वाटतात. भाईही हसला. म्हणाला, ‘बरं आबा. तुम्ही म्हणताल तसं.’ आणि खाली बसला. मतदान झालेच नाही. अध्यक्ष आज सांगतात की संघटनेने एकमताने ठराव फेटाळला. ठराव मांडलाच गेला नव्हता. मी त्याला बोलून खाली बसवले होते.

इथे कोणी म्हणेल, आबा, मग गावची हकिकतच खरी की. नाही. मत्सर असता तर मी आज सुखी असतो, कारण मत्सराची माफी मागता येते. मला माझ्या मित्राच्या गाडीचा राग नव्हता. मला माझ्या वाक्यावर प्रेम होते. गाड्या बदलल्या तर ओळ बदलावी लागेल हे माझ्या डोक्यात शिरले नाही. ज्या नियमासाठी दात दिला, तो आता एकाच गाडीच्या माणसाला मारतो आहे, आणि तेही माझ्याच हातून, हे मला फळ्यासमोर बसून दिसत नव्हते.

ती सकाळ हंगामाच्या दिवसांतली होती. पाटसच्या बाजूला साखर कारखान्याचे गाळप जोरात सुरू होते आणि रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली असे. दौंडला रेल्वेची मालगाडी लागणार होती; कारखान्याचा माल तिच्यात चढायलाच हवा होता. भाई पहाटेच चार्जिंगच्या जागी आला होता, पण दोन यंत्रांपैकी एक बंद आणि दुसऱ्यावर कुणाचा तरी टेम्पो. त्याला गाडी लावायला उशीर झाला. त्या आठवड्यात तो तीनदा शेवटी गेला होता. मी पुकारा केला : ‘तीन नंबर!’ त्याआधीच भाईने वायर काढून गाडी ओळीत आणून उभी केली होती.

मी पायरीवर चढून केबिनमध्ये डोकावलो. समोरच्या पडद्यावर बॅटरीचा आकडा अडतीस टक्के होता.

‘पुरंल का?’ मी विचारले.

‘सरळ गेलो तर पुरंल. दौंडला रेल्वेच्या शेडमधी साध्या लायनीवर रातभर लावीन आन् मग परत यीन.’ मग इकडेतिकडे पाहून हळू आवाजात म्हणाला, ‘आबा, एक घंटा देता का? मागच्याला पुढं घाला. मी त्याच्या मागनं जातो.’

मागची गाडी तयार होती. तिचा ड्रायव्हर तंबाखू मळत आमच्याकडे पाहत होता. त्याच्या मागे आणखी सात-आठ जण. मी ‘बरं’ म्हणालो असतो तर कोणी हूं की चूं केले नसते, हे मला आज कळते. त्या वेळी मला वाटले, ते माझी परीक्षा पाहत आहेत. मी पायरीवरून उतरलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, ‘भाई, कारण आम्ही विचारत न्हाई आन् तुम्हीबी सांगायचं न्हाई. भरायची तर भरा, न्हाईतर शेवटी लागा.’

त्याने गाडी आत घातली.

न्हावऱ्याच्या पुढे उसाची ट्रॉली उलटली होती. रस्ता बंद. भाईला आडवाटेने मोठा वळसा घालून हमरस्त्याला यावे लागले. पाटस मागे पडले आणि दौंड थोडेच राहिले असताना गाडी बसली. मला फोन आला. तो एवढेच म्हणाला, ‘आबा, बसली.’

मी मिळेल त्या वाहनाने गेलो. गाडी रस्त्याच्या कडेला उभी होती, तोंड दौंडकडे. बाजूने उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून जात होते आणि प्रत्येक ट्रॅक्टरवाला काही ना काही ओरडून जात होता. ‘धक्का मारू का, चाचा?’ ‘सेल बदला, सेल!’ भाई पायरीवर बसून कुणी दिलेला ऊस सोलत होता. मला पाहून त्याने अर्धा पुढे केला आणि मग माझ्या दातांकडे बघून मागे घेतला. संघटनेची दुसरी गाडी येऊन माल हलवेपर्यंत मालगाडी निघून गेली होती.

मी त्याला काय म्हणालो ते सांगतो, कारण ते दुसऱ्या कोणी ऐकलेले नाही. मी म्हणालो, ‘वळसा पडणार हे कळल्यावर तिथंच थांबून फोन करायचा ना! एवढी अक्कल न्हाई?’ तो म्हणाला, ‘व्हय, चुकलंच.’

महिन्याभरात कारखान्याने काम बाहेरच्या एका मोठ्या ठेकेदाराला दिले. व्यवस्थापक सभ्य होते. म्हणाले, तुमच्याकडे बिनधुराची एकच गाडी होती आणि तीही वेळेवर पोहोचली नाही. आम्हाला पुढच्या गाड्यांची खात्री कशी वाटावी? त्या ठेकेदाराच्या सगळ्या गाड्या इलेक्ट्रिक. त्यांची ओळ नसते. गाडी चार्जिंगला असो की वाटेत, संगणक तिला फेरी नेमून देतो. टपरीवरच्या मंडळींना मी म्हणतो, कायद्याने आपल्याला मारले नाही. कायद्याने सवड दिली होती. त्या सवडीत आपण काय केले ते मी वर लिहिले आहे.

पत्र्याच्या शेडमध्ये शेवटची बैठक झाली. अध्यक्षांनी एक निवेदन लिहून आणले होते. या भागातील रस्त्यांवर आणि हंगामातील गर्दीत इलेक्ट्रिक ट्रक टिकत नाहीत, तरी येथील मालवाहतुकीला या धोरणातून सूट द्यावी, असा त्याचा आशय होता. परिवहन खात्याला पाठवायचे, एक प्रत कारखान्याला आणि एक नव्या ठेकेदाराला, म्हणजे त्यालाही धाक बसेल. पहिली सही ज्येष्ठ म्हणून माझी हवी होती.

‘मी सही करणार न्हाई,’ मी म्हणालो. ‘गाडी खराब नव्हती.’

अध्यक्ष म्हणाले, ‘मग काय खराब व्हतं, आबा?’

‘नियम. तिला अडतीसवर लावून दिली. मी दिली. पडदा मी सोता बघितला.’

अध्यक्षांनी फाइल उघडली आणि दुसरा कागद काढला. तो भाईचा जबाब होता, खाली भाईची सही. त्यात लिहिले होते की निघताना गाडी पूर्ण चार्ज होती, वाटेत तिचा आकडा आपोआप खाली आला, सबब दोष गाडीच्या बॅटरीचा आहे.

‘खोटं हाय हे,’ मी म्हणालो.

‘मग भाई खोटं बोलत्यात म्हणा. समोर बसल्यात. म्हणा.’

भाई दुसऱ्या ओळीत बसला होता. तो माझ्याकडे पाहत नव्हता. डोक्यावरच्या पत्र्याकडे पाहत होता. मी गप्प बसू शकलो असतो. पण एवढ्या माणसांत कुणी माझी गोष्ट खोटी ठरवावी, हे मला आयुष्यात सहन झाले नाही. मी म्हणालो, ‘व्हय. खोटं बोलतोय त्यो.’

मागून कोणीतरी म्हणाले, ‘बघा, गाडी घालवली, आता माणूसबी घालवतोय.’ गावात जी हकिकत सांगतात ती त्या वाक्यापासून सुरू झाली. सगळ्यांनी सह्या केल्या. माझ्या सहीची जागा अध्यक्षांनी मोकळीच ठेवून निवेदन आणि सोबत भाईचा जबाब पाठवला.

बाहेर आल्यावर मी भाईला गाठले. मी विचारले, ‘का लिहून दिलंस? तुला समद्यांदेखत मी काय सांगणार हे माहीत नव्हतं?’

तो मोटारसायकलला टेकून उभा होता. म्हणाला, ‘त्यो अध्यक्ष मला इचारत व्हता, आकडा किती व्हता, कुणी सोडली. त्याला तुमचंच नाव लिहून पायजे व्हतं, आबा. तुम्ही फळ्यावर बसता हे त्याला कधीच आवडलं न्हाई. मी म्हणलं, गाडीचंच नाव लिवा. गाडीला काय वाईट वाटतंय व्हय? तुम्हाला वाटलं असतं.’

त्याने मोटारसायकल चालू केली. तो म्हणाला, ‘बसा मागं. सोडतो घरी.’ मी बसलो नाही. मी चालत निघालो, आणि तो बराच वेळ गाडी माझ्या चालीने हळू चालवत शेजारून येत राहिला. शेवटी मीच त्याला हाताने जा म्हणालो.

सूट मिळाली नाही. निवेदनाचे उत्तरही आले नाही. कामाविना इलेक्ट्रिक ट्रक दारात ठेवणे भाईला झेपले नाही. काही महिन्यांत तो त्याने विकला. नव्या ठेकेदाराला ड्रायव्हर हवे होते. तसली गाडी चालवून पाहिलेला या दोन तालुक्यांत एकच माणूस होता. भाई गेला आणि परत आला. त्याने मला सांगितले नाही. त्याच्या बायकोने सांगितले. तिथल्या माणसाने फाइलीतून निवेदनाची प्रत काढून दाखवली होती आणि विचारले होते, ज्या गाडीविरुद्ध तुम्ही सरकारला लिहून दिलेत तीच चालवायला आलात कसे?

दुसऱ्या दिवशी मी त्या ठेकेदाराच्या कार्यालयात गेलो. धुतलेला सदरा घातला, टोपी घातली. टेबलामागे एक तरुण मुलगी होती. नीट बोलली, खुर्ची दिली, पाणी दिले. मी तिला सगळे सांगितले, इथे लिहिले तसेच. नियम, अडतीसचा आकडा, मागितलेला तास, नाकारलेला तास. गाडी चांगली होती आणि तो चांगला चालवत होता. जबाब त्याने मला वाचवायला दिला. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले.

मग ती म्हणाली, ‘आजोबा, तुमचं खरं असेल. पण म्हणजे त्यांनी सरकारी खात्याला खोटं लिहून दिलं, असंच ना? मग तसा माणूस मी ठेवायचा कसा?’

मी उठलो. तिची चूक नव्हती. खोटे लिहून देणाऱ्या ड्रायव्हरला मीही कामावर ठेवले नसते. कारणसुद्धा विचारले नसते.

भाई आता हंगामात पाटसकडे उसाचा ट्रॅक्टर चालवतो, दुसऱ्याचा. बाकीचे महिने घरी असतो. आम्ही भेटतो. भांडण होत नाही, आणि तेच मला सोसत नाही; पूर्वी तो माझे प्रत्येक वाक्य खोडून काढी, आता ‘बरं आबा’ म्हणतो. मागच्या आठवड्यात मी त्याला सांगितले की मी हे सगळे लिहून काढणार आहे, तुझा जबाब खोटा होता हेसुद्धा, कारण खरे कुठेतरी लिहिलेले असले पाहिजे.

‘कशापायी?’ तो म्हणाला. ‘आता कुणाला काय मिळणार हाय त्यातनं?’

मी म्हणालो, ‘लोक चुकीचं सांगत्यात.’

‘सांगू द्या की.’

‘मला न्हाई जमत.’

ट्रॅक्टरच्या तेलाने त्याची नखे काळी झाली होती; त्या विजेच्या गाडीवर असताना ती स्वच्छ असत. मग म्हणाला, ‘लिवा. तुम्ही ऐकणार थोडंच. पर त्यात माझं नाव नगं. आन् तुमचंबी घालू नगा.’

माझे का नको, असे मी त्याला विचारले. तो नखातले तेल काडीने काढू लागला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे मी यात कोणाचेही नाव घातलेले नाही. त्याचे निदान एवढे तरी मागणे मी मान्य केले.